भुंडे कान

बरकतपुरा, हैदराबाद

आईस,
इथूनच तुझ्या पाया पडते. आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि ते मला धड ऐकू आलं नसतं, म्हणून पत्र.

शूटिंग रेंजच्या बंद हॉलमध्ये मी मुलींना पिस्तूल शिकवते, तेव्हा गोळीचा आवाज भिंतींवर आदळून परत येतो. शिकवताना डावा कान त्यांच्याकडे असतो. कानांवर जाड इअरमफ असायचे, पण त्यांच्याखाली तू लग्नात सुलतान बाजारातून घेतलेल्या मोत्याच्या कुड्या होत्या. सवाष्णीचे कान भुंडे नसावेत, म्हणून व्हिडिओ कॉलवर तू आधी माझे कान बघायचीस, मग चेहरा. सासूबाईंनी कधी विचारलं नाही. विचारायचीस ती तूच.

काल डॉक्टरांनी मला कुड्यांवर इअरमफ घालायला लावले आणि त्यांच्या कडेच्या गादीखालून बोट आत सरकवलं. म्हणाले, "आवाज इथूनच जात होता." गेलेलं परत येत नाही म्हणे.

आता कानात इअरप्लग, वर इअरमफ. मुलींचं कानातलंही मी दारातच उतरवते. त्यांच्या आयांचे फोन येतात, मी उचलत नाही.

आमच्या रेंजवरचा कुलदीप तिकडे येतोय, त्याच्याबरोबर कुड्या परत पाठवते. काळजी करू नकोस, उजवा कान शाबूत आहे. दिवाळीला येईन. माझ्या भुंड्या कानांवरून काही बोलायचं असेल, तर उजवीकडे येऊन बोल.

तुझीच,
उत्तरा