जळकं मेण आणि नोरीनची खुर्ची

प्रिय लायलदादा,

तुझ्या धाकट्या भावाचा, वेंडेलचा, ओहायोहून थेट आयोवापर्यंत पोहोचेल असा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? डार्लीनवहिनींचा दमा कसा आहे? त्यांनी पाठवलेला आलुबुखारचा मुरंबा फार सुरेख झाला होता, असं ऐकतो. (मला चाखायला मिळाला नाही. का, ते पुढे येईलच.) मी बरा आहे असं लिहायची रीत आहे, पण मी बरा नाही. या गावात न्याय उरलेला नाही.

समोरच्या घरात राहणारा मर्ल पिकेट तुला आठवत असेल. शाळेच्या बस दुरुस्त करायचा, आता निवृत्त, विधुर, आणि अजून डोक्यावर सगळे केस. गेल्या हिवाळ्यात हमरस्त्यावरचं जुनं मोटेल पाडलं, तेव्हा तिथले दोन पोर्टेबल टीव्ही आम्ही दोघांनी एकेक उचलले. अगदी जुळे भाऊ: १९५७ सालचे, व्हॉल्व्हचे, निळसर-पांढरे, वर चामड्याची मूठ. (पोर्टेबल म्हणजे न्यायला दोन धट्टीकट्टी माणसं आणि एक सणसणीत शिवी पुरते.) म्हणजे सुरुवात समान होती, हे ध्यानात ठेव. पुढे जी विषमता आली ती माणसाने निर्माण केली. इतिहासात नेहमी असंच होतं.

आता तू जन्मभर टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलंस, तुला काय सांगायचं? या संचांतले मेणकागदी कंडेन्सर साठ वर्षांत गळके होतात, वीज धरत नाहीत. मर्लने काय करावं? त्याने ते एकेक काढले, गरम करून आतला गाभा उपसला, रिकाम्या नळीत आजचा शेंगदाण्याएवढा नवा कंडेन्सर बसवला आणि तोंड मेणाने पुन्हा बंद केलं. बाहेरून बघावं तर सगळं जुनं! आमच्या जुन्या टीव्हीवाल्यांच्या क्लबातले लोक याला कला म्हणतात. मी याला तोतयेगिरी म्हणतो, आणि मेच्या सभेत उभा राहून तसं म्हणालोही. फाउंड्रीच्या संपात बोललो होतो तसा बोललो. म्हटलं, मित्रहो, रोमन साम्राज्यही असंच पोखरलं गेलं होतं, बाहेर संगमरवर आणि आत भाडोत्री सैनिक! माझ्या संचात एकही परका तुकडा जाणार नाही, तो जगेल तर स्वतःच्या रक्तावर जगेल! टाळ्या पडल्या. मर्लनेही वाजवल्या, हे मला तेव्हाच खटकलं.

मग आली क्लबची उन्हाळी सहल. रीत तुला ठाऊक आहे: टीव्ही टेबलांवर मांडायचे, जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण केव्हाच बंद पडलंय म्हणून क्लबच्या छोट्या यंत्रावरून जुन्या कुस्त्या सोडायच्या, आणि बायकामंडळींनी घडीच्या खुर्च्या घेऊन ज्याचं चित्र आवडेल त्याच्यासमोर बसायचं. परीक्षक नाहीत, चषक नाही. खुर्च्या मोजायच्या. याहून क्रूर निवडणूक मी पाहिलेली नाही.

आमच्या हिने, नोरीनने, तिची हिरवी खुर्ची माझ्यासमोर मांडली होती, हे मी मान्य करतो. मी प्लग हातात घेऊन उभा राहिलो. मर्ल पलीकडून म्हणाला, “वेंडेल, अरे थेट नको लावूस रे. माझं यंत्र घे, व्होल्टेज हळूहळू चढव.” शत्रूच्या हातची काठी घेऊन कुणी डोंगर चढतो का? मी दोन शब्द बोललो (नोरीन म्हणते वीस मिनिटं) आणि प्लग खोचला. प्रथम गुणगुण आली. मग वास आला. मग फाट्कन आवाज होऊन माझ्या तत्त्वांचा पांढरा धूर निघाला आणि शेजारच्या बटाट्याच्या सॅलडवर जाऊन बसला.

नोरीन उठली, खुर्ची मिटली आणि मर्लसमोर नेऊन उघडली. मी म्हटलं, “हे काय?”

“कुस्ती बघायचीय मला.”

“आणि मी?”

“तुझ्या टीव्हीवर काय बघू, वेंडेल? तत्त्व?”

हशा पिकला, दादा. मर्लच्या पडद्यावर असं चित्र होतं की पैलवानाच्या पाठीवरचा घाम दिसावा. नोरीन पुढे वाकून ओरडत होती, “अगं बाई, पाड त्याला, पाड!” लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्याही भाषणात ती अशी पुढे वाकलेली नाही. आणि मध्यंतरात तिने पिशवीतून वहिनींचा मुरंबा काढून त्या विधुराला दिला. बरणीसकट!

सप्टेंबरच्या जत्रेत पुन्हा टीव्ही मांडायचे आहेत. नोरीनची खुर्ची तेव्हाही त्याच्यासमोर गेली, तर मी गाव सोडीन. पण खोटं काम करणार नाही. इतिहास मला न्याय देईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा अढळ भाऊ,
वेंडेल

ता. क. तुझ्या दुकानातल्या खणांत नवे कंडेन्सर उरले असतील तर त्या मॉडेलला लागतील तेवढे पाठव. शिवाय जुनं मेण न करपवता कसं वितळवायचं तेही लिही. पार्सल मर्लच्या पत्त्यावर पाठव, नोरीनला कळता कामा नये. हो, मर्लच्याच. मी रोज दुपारी वाचनालयात जातो असं सांगून त्याच्या गॅरेजात बसतो. नळ्या पोखरायला तो शिकवतोय. विचारल्याबरोबर “ये की” म्हणाला, एक टोमणासुद्धा मारला नाही. अशा माणसाला माफ तरी कसं करायचं?

ता. क. दुसरा. पार्सल घरीच पाठव. आज वाचनालयात निघालो तर नोरीनने हातात दोन सँडविच ठेवली. म्हणाली, “मोहरीची चटणी न लावलेलं मर्लचं.” त्याला मोहरी चालत नाही हे हिला कुणी सांगितलं? तूच सांग, दादा!