मधला ग्लास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक, आज पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हस्ताक्षरात आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे दाखले मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून घेतले, कारण एकावर माझा विश्वास नव्हता. दोघांचे मत एकच पडले, तेव्हा ते एकमेकांच्या ओळखीतले नाहीत ना, याचीही चौकशी केली. आज सकाळपासून दोन कप चहाखेरीज पोटात काही गेलेले नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे बाटल्यांचा विषय येणार आहे.

कलम १. दोन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर पुतण्याला दिले होते आणि मुलीच्या नावापुढे रेघ मारली होती. ते रद्द समजावे. पुतण्याने वाईट वाटून घेऊ नये. तो दर आठवड्याला माझ्या तब्येतीची चौकशी करतो, आणि मी बरी आहे म्हटले की त्याचा आवाज पडतो. हे माझ्या लक्षात आले आहे.

कलम २. पितळी प्रमाण वजनांची पेटी खात्याच्या प्रशिक्षण वर्गाला द्यावी. वजने उघड्या हाताने उचलू नयेत, घामाने ती बदलतात. न्हाणीघरातला वजनकाटा माझ्या थोरल्या भावाला द्यावा. गेली तीस वर्षे तो स्वतःचे वजन एकच सांगत आला आहे.

कलम ३. कोपऱ्यावरच्या फळवाल्याला माझ्या टेबलाच्या खणातले लोहचुंबक परत करावे. तो ते तागडीखाली चिकटवत असे. मी गिऱ्हाईक बनून, हातात पिशवी घेऊन गेले होते. तेव्हापासून तो मला दोन फळे जास्त घालतो आणि मी ती काढून परत देते. आमचे उत्तम चालले आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक, दागिने आणि शिलाई मशीन मुलीचे.

कलम ५. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. हे मी मुलगी आणि जावई या दोघांच्या नावे करते. मला ओळखणाऱ्यांना हे वाचून, मला कोणी शेंडी लावली की काय, असे वाटेल. म्हणून सविस्तर लिहिते.

जावई हॉटेलात वाइन निवडण्याचे आणि वाढण्याचे काम करतात. लग्नात मला ते फार गोड बोलणारे वाटले. चौतीस वर्षांच्या नोकरीत गोड बोलणारा दुकानदार भेटला की मी आधी त्याचा काटा उलटा करून पाहत असे. जावयाला मी कायम अहोजाहोच केले, पण ते आदराने नव्हे. लग्नानंतर ते दर रविवारी जेवणाआधी एक बाटली घेऊन येऊ लागले. स्पार्कलिंग वाइन, म्हणजे बुडबुड्यांची. म्हणाले, "आई, मी शिकवतो. आवडली नाही तर सोडून द्या." कोणी फुकट शिकवायला लागले की मला कुठेतरी पाणी मुरतेय असे वाटते. यांचा घरावर डोळा आहे, असे मी पहिल्याच रविवारी ठरवून टाकले.

पहिल्या बाटलीवर ७५० मिली लिहिले होते. मी आतून काचेची मापन-नळी आणली आणि सगळी बाटली तिच्यात उपडी केली. फेस नळीतून वर आला, टेबलावरून माझ्या मांडीवर आला. मी म्हणाले, "माप कमी भरतंय." मुलगी हसून हसून खाली बसली. जावई मात्र फडके आणून शांतपणे म्हणाले, "भरतं बरोबर, आई. पण हिला घाई चालत नाही. ग्लास तिरका धरा, थोडी ओता, फेस बसू द्या, मग पुन्हा."

हळूहळू मी शिकत गेले. बूच फिरवायचे नाही, ते घट्ट धरून बाटली फिरवायची. मोठा आवाज झाला तर उघडणारा कच्चा, नुसता सुस्कारा निघाला तर जमले. माझ्या हातून मोठा आवाज झाला तो तिसऱ्या रविवारी, आणि उडालेल्या बुचाने गॅलरीतल्या दिव्याची काच गेली. चौथ्या रविवारी मी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "हिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." जावयांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. बूच खराब निघाले होते. "आई, लोकांना हा दोष ओळखायला वर्षं लागतात! तुम्ही चौथ्याच बाटलीत पकडलात." मग ग्लास बाजूला ठेवून म्हणाले, "आता चांगलं काय आहे ते शोधा."

ते मला कित्येक महिने सापडले नाही. जिभेला चुरचुरते आणि आंबट लागते, यापलीकडे मी जात नव्हते. मग एका रविवारी हिरव्या सफरचंदाच्या सालीचा वास आला, आणि त्याच्या मागून भाजलेल्या पावाचा. बुडबुडे बारीक होते, तळातून सरळ रेषेत वर येत होते. मी ते बघत बसले आणि माझ्या लक्षात आले की मी हसते आहे. मी लगेच ग्लास खाली ठेवला. त्याच दुपारी मुलीने विचारले, "आई, घराचे कागद कुठे ठेवलेस गं?" मी आदल्या आठवड्यात न्हाणीघरात पडले होते. तिला माझी औषधांची फाइल हवी होती आणि ती त्याच कागदांबरोबर असते, हे तिने सांगितले. ते मी ऐकले नाही.

पुढच्या रविवारी मी तीन ग्लास भरून टेबलावर मांडले. जावयांना म्हणाले, "यातला एक वेगळ्या बाटलीतला आहे. ओळखा." तिन्ही एकाच बाटलीतले होते. ते वीस मिनिटे वास घेत होते, घोट घेत होते, पाणी पीत होते, पुन्हा पहिल्याकडे जात होते. शेवटी म्हणाले, "मधला. फरक फार थोडा आहे, पण मधला असावा."

मी टाळी वाजवली. "तिन्ही एकच आहेत! तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. हॉटेलात लोकांना फसवता आणि इथे मला." ते लालबुंद झाले आणि एवढेच म्हणाले, "आई, तुम्ही म्हणालात एक वेगळा आहे." मी त्याला पळवाट समजले. मुलीने पर्स उचलली. "तू इथंही गिऱ्हाईक बनून आलीस ना?" असे म्हणून ती गेली, आणि दोन वर्षे तिने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

त्यानंतरही मी रविवारी बाटली आणत राहिले. शिकवायला कोणी लागत नाही, हे मला सिद्ध करायचे होते. समोरचे दातांचे डॉक्टर सोबतीला येत. गेल्या महिन्यात त्यांना मी ही हकिकत मोठ्या फुशारकीने सांगितली. त्यांनी आत जाऊन तीन ग्लास भरून आणले आणि म्हणाले, "एक वेगळा आहे. ओळखा बघू." मी ग्लासाला हातही न लावता म्हणाले, "तिन्ही एकच."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "पण मावशी, तुम्ही चव घेतलीच नाहीत."

डॉक्टर गेल्यावर ते तीन ग्लास तसेच भरलेले टेबलावर राहिले. मी गिऱ्हाईक बनून शेकडो दुकानांत गेले आहे. जो लबाड असे तो आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग पिशवीकडे बघे. ज्याच्या मनात काही नसे तो मी मागितले ते मुकाट मोजून देई. जावयांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते. सासूने सांगितले एक वेगळा आहे, म्हणून ते वीस मिनिटे त्याला शोधत होते. माझे चुकले. चौतीस वर्षांत एवढे खोटे माप मी दुसरे पाहिले नाही, आणि ते माझे होते.

घराचे कागद लोखंडी कपाटात, तिसऱ्या कप्प्यात, औषधांच्या फाइलीखाली आहेत. मुलीने विचारले होते, म्हणून सांगते.

कलम ६. मापन-नळी जावयांना द्यावी. तिच्यात त्यांनी हवे तर फुले ठेवावीत.

कलम ७. कपाटाच्या तळाशी, अंधारात, एक बाटली आहे. माझ्यामागे हे पत्र वाचून झाले की ती मुलीने आणि जावयांनी मिळून उघडावी.

साक्षीदार पहिले: समोरचे दातांचे डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. सही. (दोघांनाही या पत्राने काही मिळत नाही. त्यांच्यासमक्ष मी सही केली आणि माझ्यासमक्ष त्यांनी.)
लिहून ठेवणारी: सही.
ठिकाण: याच घरातले स्वयंपाकघर. दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी दहा.

पुरवणी, त्याच दिवशी, सकाळी अकरा. सही करताना डॉक्टर म्हणाले, "हे सगळं त्यांना तुम्ही मेल्यावर कळवायचं? फोन बंद आहे का तुमचा?" मी फोन लावला. जावयांनीच उचलला. मी म्हणाले, "एक बाटली आहे. तिन्ही ग्लासांत तीच असेल. आधीच सांगून ठेवते." त्यांनी विचारले, "थंड केलीत का, आई?"

"आत्ता ठेवते."

"मग तीन तास लागतील. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. आम्ही येतो."

सबब कलम ७ रद्द. रेघ माझ्याच हातची आहे, तिच्याखाली पुन्हा तिघांच्या सह्या घेतल्या आहेत. ग्लास तीन काढले आहेत. मापन-नळी आतल्या खोलीत ठेवून दिली आहे.