पिन पहिल्या घरात होती

अब्बा, तुमच्या उजव्या हाताबद्दल लिहायचं आहे. त्याच हातानं तुम्ही मला शाळेआधी आकडे शिकवले, बोटीच्या मोटरवर. मोटर जिथं बोटीच्या पाठीला बसते, तिथल्या पट्टीला चार भोकं होती. तुम्ही त्यांना घरं म्हणायचात. पिन ज्या घरात, तसा मोटरचा कल. "माल मागं असला तं पहिलं घर, नाक खाली राह्यते. माल पुढं आला तं तिसरं. नाई तं नाक पाण्यात घुसते." चुकलं की थप्पड. एकदा दोन दिवस कानात शिटी वाजत राहिली. अजूनही मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते, गॅस, कुलूप, वर्गातल्या पोरांचे गुण.

त्या दिवशी मी चौदा वर्षांची आहे. प्राणहिता दुथडी भरलेली, बाजाराचा दिवस. तांदळाची पोती मागे रचलेली, पिन पहिल्या घरात. निघता निघता व्यापारी ओरडतो, "काऊन भिजवता माह्यी पोती? पुढं घ्या!" पुढे बकऱ्या घेऊन बसलेला माणूस म्हणतो, "मंग माह्या बकऱ्या पोहत येतीन का, शेटजी?" सगळे हसतात. व्यापारी त्याच्या तोंडावर ठोसा घालतो. तो दात थुंकतो आणि व्यापाऱ्याचा गळा धरतो. तुम्ही मध्ये घुसून दोघांनाही हाणता, बकऱ्या मधे ढकलता, पोती पुढे फेकता. "पोरी, पिन तिसऱ्यात!" मी वाकते. पिन गंजून घट्ट बसली आहे, माझ्या बोटांवर कुणाचं तरी रक्त आहे, बोटं घसरतात. "झाली का?" तुमचा तो आवाज. मी म्हणते, "झाली, अब्बा."

मधल्या धारेत तुम्ही वेग वाढवला आणि नाक खाली गेलं. पाणी पुढून आत कोसळलं. पोती गेली, दोन बकऱ्या गेल्या. माणसं बोटीला धरून कशीबशी काठाला लागली. बोट ओढताना तुम्ही मोटरकडे पाहिलं आणि पट्टीतल्या पिनवर उजवा तळवा ठेवला. "मोटर असी कोनं लावली?" बकरीवाल्यानं विचारलं. "मीनं," तुम्ही म्हणालात. मग घडीभरापूर्वी एकमेकांचा जीव घ्यायला निघालेल्या त्या दोघांनी मिळून तुम्हाला वल्ह्यानं मारलं. मनगट वाळल्या बांबूसारखं मोडलं. तुम्ही तळवा काढला नव्हता.

त्यानंतर मोटरची दोरी मीच ओढायची, तुम्ही पुढे बसायचात. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी विचारलं नाही, माझ्यावर हातही उगारला नाही. तुम्ही असतात तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती. लोकांना मी सांगते की तुम्हाला मारताना मी फार रडले. रडले, हे खरं. पण त्याआधी, पहिलं वल्हं पडलं तेव्हा, मनात एवढंच आलं होतं, आज मला नाही.