चुना आणि समुद्रफुलं

सोमवार, कर्जत

...आणि शेवटच्या समुद्रफुलाच्या तोंडात सुई खुपसून कालवलेला चुना सोडला. ते आक्रसून दगडात गेलं. माशांच्या टाकीतलं पाणी ताकासारखं झालं आहे.

ही फुलं म्हणजे खरं तर दगडाला चिकटून राहणारे समुद्रातले जीव; कुठल्याशा दगडाबरोबर टाकीत आली आणि माझ्या प्रवाळाला डंख करत राहिली. मी कामावर असताना बाबांनी ती चिमट्याने उपटली, भाताची बेणणी करताना तण उपटावं तशी. उरलेल्या तुकड्यातुकड्यातून नवं फूल उगवतं, हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं? मी नंतर सांगितलं. पोशीरची शेती सोडून माझ्याकडे आल्यापासून त्यांच्या हातांना काम नाही.

रोज थोडीच मारायची, जास्त चुन्याने मासे मरतात, हे मला माहीत होतं. पण बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"थांबलास का? अर्धी बेणणी टाकून कोण उठतं रं?"

"पाणी बिघडेल, बाबा."

"माझ्यामुळं वाढली ना? मग आजच संपव. मला बघवत नाय."

संपवली. त्यांचं मन राखायला? की मलाच कंटाळा आला होता? निम्मं पाणी बदललं, तरी पांढरंच. खारं पाणी आता शिल्लक नाही. दोनपैकी लहान मासा वर येऊन तोंड उघडतो आहे. बाबा म्हणाले, भूक लागली असंल. मी हो म्हटलं. पाणी अजून पांढरंच.

मंगळवार. सकाळी दोन्ही मासे मेलेले होते. बाबांनी ते कुंडीत पुरले आणि पोशीरला जायला रिक्षा कधी मिळेल, ते विचारलं. तिथल्या घराला कुलूप आहे.