मुंगीचं पुस्तक

९ जानेवारी, शुक्रवार
वर्गातूनच, मधल्या सुट्टीत

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस. ऐकणार नाहीत म्हणा ते! माझा घसा पार बसलाय, म्हणून फोनऐवजी पत्र.

पुस्तकांचं विचारलं होतंस. झाली गं. कोऱ्या कागदांची घडी, मधोमध दोन टाके, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. आधी मुलं सांगायची आणि मी चित्राखाली लिहायचे. मग त्यांनीच पेन्सिल हिसकावून घेतली. एकाच्या आठही पानांवर झोपलेला कुत्रा. विचारलं तर म्हणतो, "बाई, तो उठतच नाही!"

आमच्या मुंगीनं सगळ्यांत शेवटी केलं. सहा वर्षांची पोर, वर्गात तोंडातून ब्र काढत नाही. तिनं कुणालाही न विचारता लिहिलं: 'पपा आले. मी आनि दादा कपाटात. आई बाहेर.'

मला आभाळ ठेंगणं झालं. म्हटलं, "शाब्बास! फक्त 'आणि'तला 'ण' चुकलाय हं." ती निमूट दुरुस्त करून आली.

लपाछपी खेळत असतील, असं वाटलं मला.

नाही ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? चित्रातल्या आईचं तोंड तिनं लाल खडूनं कागद फाटेस्तोवर गिरबटलं होतं. मी ते पाहिलं होतं. पण पालकसभा दोन दिवसांवर आली होती, बावीस पुस्तकं दोरीला टांगायची होती. म्हटलं, नंतर बघू.

सभेला तिचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, अदबीचं बोलणं. मुंगीनंच पुस्तक काढून त्यांना दाखवलं. ओळीखाली बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचलं. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. ते हसले. "छान शिकवता हो बाई," म्हणाले. पुस्तकाची घडी केली, खिशात घातली आणि तिचं मनगट धरून निघाले.

सोमवारपासून ती आली नाही. बुधवारी मोठ्या बाईंना घेऊन घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण दार किलकिलं करून म्हणाली, "सामान टेम्पोत भरून गेले. कुठे ते नाही सांगितलं." पोलीस चौकीत गेलो, तर हवालदारानं विचारलं, "पुरावा काय?" पुस्तक, म्हटलं. "कुठंय?" माझ्याकडे असतं तर!

आज मुलांनी विचारलं, "बाई, आज कशाचं पुस्तक?" मी म्हटलं, "फुलांचं." एकवीस माना कागदावर झुकल्या. तेवढ्यात खिडकीजवळची एक म्हणाली, "बाई, घरातलं लिहायचं असलं तर?"

मी काही बोलायच्या आत घंटा झाली. सगळी डबे घेऊन बाहेर पळाली. ती गेली नाही. कोरा कागद पुढ्यात घेऊन माझ्याकडे बघत बसलीय.

हो म्हणू की नको, ताई?

तिच्याकडे मान वर करून बघू न शकणारी,
तुझी धाकटी