बादशाचा फोटो

२५ नोव्हेंबर १९७३, रविवार

कॉलेज उघडल्यापासून या वहीत एक ओळ नाही. कंटाळा, दुसरं कारण नाही. माफी मागायची ती स्वतःचीच, आणि ती मी मला फार सहज देतो.

आज येलदरी. धरणाच्या पाण्यापलीकडच्या माळावर लिंबाजी मामांची मेंढरं बसली आहेत. उन्हाळ्यात पक्षी बघायला जायचो तेव्हापासूनची ओळख. या आठवड्यात त्यांची दोन मेंढरं गेली. रात्री कोंडायची जाळी, वाघूर, तिच्याखालून ओढून बाहेर खाल्लेली. मामांचा धाकटा भाऊ रामजी म्हणतो, लांडगाच. घळीत त्याचं बीळ बघून ठेवलंय. मिरच्यांचा धूर करून पिलांसकट निकाल लावायचा.

म्हटलं थांबा. माझा अनुभव असा की गावच्या कुत्र्यांची पापं लांडग्याच्या नावावर जातात. दोऱ्याचा कॅमेरा लावू. जो येईल त्याचा फोटो तोच काढून घेईल.

रामजी: "भांग पाडून यील का मंग त्यो?"

सगळे हसले, मीही. पण थांबायला तयार झाले. मास्तर म्हणतोय म्हणून.

२९ नोव्हें.

यंत्र झालं. जुना कॅमेरा तुपाच्या डब्यात, बटणावर उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग. दोऱ्याला पाय लागला की स्प्रिंग सुटते, बटण दाबलं जातं, फ्लॅशचा बल्ब उडतो. बल्ब एकदाच जळतो, म्हणजे रात्रीला एक फोटो.

चाचणी स्वयंपाकघराच्या दारात. बायको, सुमन, केरसुणी घेऊन आली आणि दोऱ्यात सापडली. "आता माझ्या स्वयंपाकघरातही मिरच्यांचा धूर करणार का?"

२ डिसें., रविवार

पहाटे आणखी एक मेंढी मेली. पोचलो तेव्हा मामा तिला पुरायला ओढून नेत होते. मी अडवलं. मारणारा आपल्या शिकारीकडे परत येतो, दोरा तिच्याभोवतीच लावला पाहिजे.

मामा: "मेलेलं मेंढरू आमी कुत्र्याम्होरं ठिवत न्हाईत, मास्तर. तोंडाला लागतंय."

कुत्री दोन. बादशा, मोठा, पिवळसर, आणि त्याची आई चिमी. रात्री राखणीला मोकळीच असतात, बांधता येत नाहीत. मी बराच वेळ समजावलं. पुस्तकात काय आहे, तज्ज्ञ काय म्हणतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी शिकल्याले. ठिवतो."

मुक्काम धरणावर, ओळखीच्यांकडे.

३ डिसें.

बल्ब उडालेला. मेंढीचा मागचा भाग खाल्लेला. डब्यावर दव. कॅमेरा पोटाशी धरून जिंतूरच्या गाडीत बसलो, पुढे परभणी. कॉलेज बुडालं, रजेचा अर्ज उद्या.

५ डिसें.

स्टुडिओतून प्रिंट आणली. करीमभाई: "कुत्ता है, प्रोफेसर साब. आप तो बोले थे जंगल का जानवर."

बादशा. मान वर, एक पाय मेंढीवर, तोंड काळं. डोळ्यांत फ्लॅश.

आनंद झाला. लपवत नाही. लांडगा सुटला, माझं म्हणणं खरं निघालं. संध्याकाळी यावरच्या लेखाची चार पानं झाली. सुमनला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आणि त्या कुत्र्याचं काय?"

म्हटलं, बांधून ठेवतील.

६ डिसें.

विहारात वंदना. गर्दी. पंचशील म्हणताना मन लेखाच्या शीर्षकात.

९ डिसें., रविवार

फोटो दाखवला. हातोहात फिरला. मामांनी धोतराला हात पुसून मग घेतला. "माजा कुनी कदी काडला न्हाई. ह्याचा निघाला."

रामजी: "घ्या. चोराला घरातच भाकर घालायलोत की आपन."

गयाबाई, मामांची बायको, फोटोकडे नीट बघेचना. "त्यो तसला न्हाई. माज्या हातानं खातंय ते, मला ठावं हाय."

मामा: "फोटूत आलंय आता. फोटू कशाला खोटं बोलंल?"

मी होकारार्थी मान हलवली. हलवली की हलली, तेवढ्यानं काही बदलत नाही.

बांधून ठेवा, म्हणालो. मामा म्हणाले, "बांधल्यालं कुत्रं मेंढरामागं काय कामाचं?" मग चहा झाला, बोलणं ज्वारीवर गेलं. कुणाच्या रानात पुढं मेंढरं बसवायची वगैरे.

१६ डिसें., रविवार

बादशा नाही.

मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा त्याला दोरी लावून पाण्याकडे घेऊन गेले. एकटे परत आले. मी विचारल्यावर सांगितलं, नजर स्वतःच्या हातांवर. "आपल्या मेंढराला तोंड लावलं की त्येला ठिवता येत न्हाई. आज्यापसून चालत आलंय." मग: "गेलं बी गुमान. त्येला वाटलं, पानी पाजायला नेयलेत."

गयाबाईनं चहा ठेवला नाही. पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवून आत गेली. चिमी वाघुरीभोवती फिरत होती, मधेच थांबून पाण्याच्या दिशेला बघायची.

परतीच्या गाडीत जे लक्षात आलं ते लिहितो. मांस तिथं मी ठेवायला लावलं. फोटोत एवढंच आहे: भुकेलं कुत्रं आणि पुढ्यात टाकलेलं मांस. मेंढी त्याच्या आदल्या रात्रीच मेली होती. मारली कुणी, याचं उत्तर त्या फोटोत कुठेच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलानं प्रयोगवहीत असा निष्कर्ष लिहिला असता तर मी लाल रेघ मारली असती.

मामांनी सांगितलं होतं, तोंडाला लागतं. मला ते ऐकू आलं होतं.

२३ डिसें.

गेलो नाही. पेपर तपासायचे आहेत, हे निमित्त. लेख फाडला. त्यातही थोडा देखावा होता, सुमन खोलीत होती.

३० डिसें., रविवार

एक कोकरू गेलं, गुरुवारी. काही उरलं नाही, वाघुरीबाहेर लोकरीचे पुंजके फक्त. मला वाटलं, आता तरी म्हणतील की बादशा नव्हता. झालं उलटंच.

रामजी: "माय तीच, रगत तेच. त्येनं शिकिवलं आसंल न्हाईतर हिनं त्येला."

चिमीला खुंटीला बांधलंय. बादशा गेल्यापासून गयाबाई प्रथमच माझ्याशी बोलली. "ल्येकाचा काडलाव. आता मायचा बी काडा फोटू."

टोमणा होता की विनंती, समजलं नाही. मी विचारलंही नाही.

कॅमेरा लावला. या वेळी मांस नाही. दोरा वाघुरीच्या बाहेरून, जमिनीलगत. चिमी बांधलेलीच राहू द्या, म्हणालो. मामांनी काठ्या रोवायला मदत केली, दोऱ्याला ताण किती द्यायचा ते विचारून विचारून. माझ्यावर त्यांचा राग नाही. असता तर बरं झालं असतं.

३१ डिसें.

सकाळी बल्ब उडालेला. मेंढरं सगळी आहेत. गयाबाई म्हणाली, चिमी रात्रभर दोरीला हिसके देत भुंकत होती.

२ जानेवारी १९७४

लांडगी आहे.

वाघुरीपासून हातभर अंतरावर, मान खाली, पाऊल उचललेलं. थानं भरलेली, म्हणजे बिळात पिलं आहेत आणि दूध पिताहेत. मागे जाळीत मेंढरांचे डोळे, पांढरे ठिपके. इतका चांगला फोटो माझ्याकडून आजवर निघालेला नाही.

करीमभाई: "ये हुई ना बात. इसको बडा करके लगाऊँ, दुकान में?"

नको म्हणालो. घाईनं.

हाही फोटो मारतानाचा नाही. कोकरू हिनंच नेलं, हे यावरून सिद्ध होत नाही. पण मामा फोटो माझ्यासारखा वाचणार नाहीत. बादशाचा बघून ठरवलं तसंच हाही बघून ठरवतील. चिमी सुटेल. आणि त्याच दिवशी रामजी मिरच्या घेऊन घळीत उतरेल. शिवाय मामांना कळेल की बादशाला उगाच नेलं. कदाचित उगाच. हा "कदाचित" मी कुणासाठी लिहितोय?

६ जाने., रविवार

मामा: "आलं का काई फोटूत?"

मी: "फिल्मला दव लागलं."

अडखळलो नाही. आधी ठरवलं नव्हतं, याला साक्ष कुणाची? प्रिंट तेव्हा शबनम पिशवीत होती.

"मंग पुन्यांदा लावा की," मामा म्हणाले. रामजी म्हणाला, त्यो डबा घेऊन जावा मास्तर, आमाला डोळ्यानं दिसायलंय. मामांनी त्याला गप्प केलं, पण ठरलंही. पुढच्या आइतवारी वाघूर हलवायची, सोनपेठच्या बाजूला एका रानात बसायचं आहे. चिमीला बरोबर न्यायचं नाही. कुठं ठेवणार, मी विचारलं. रामजीनं पाण्याकडे मान केली.

कॅमेरा लावला नाही. दोरा गुंडाळून आणला.

९ जाने.

काल रात्री सुमनला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. ती म्हणाली, "चिमीला इकडे घेऊन या. अंगणात राहील."

रात्री पटलं होतं. सकाळी कॉलेजला जाताना पटेना. खरं सांगितलं तर चिमी मामांबरोबर जाईल, इकडे आणली तर नाही. जाळीखालून मेंढरं ओढायला शिकलेले लांडगे सोनपेठकडेही असतीलच, आणि तिथं मामांच्या मेंढरामागं एकही कुत्रं नसेल. मला चिमी वाचवल्याचं समाधान मिळेल, किंमत मामा मोजतील. शिवाय आई-लेक दोघंही चोर, हे कायमचं ठरेल.

मामा निघून गेले तर बीळ राहतं. हा विचार येतोय. चिमीचा रविवार जाऊ द्यायचा, माळ रिकामा होऊ द्यायचा, पिलं मोठी होऊ द्यायची. काहीच करायचं नाही फक्त. पेपर तपासत बसायचं.

मी काय मोजतोय? अमुक पिलं विरुद्ध एक कुत्री. पहिलं शील, जीव न घेण्याचं, असं बेरीज-वजाबाकीनं पाळता येत असेल तर...

११ जाने.

जिंतूर गाडीचा कंडक्टर कॉलेजवर आला होता. गयाबाईचा निरोप. त्याच्याच शब्दांत: "बाई म्हनली, मास्तराला सांगा, कुत्रीला सकाळपसून भाकर चालंना. यायचं आसंल तर आइतवारी उनं व्हायच्या आत या."

"एवढंच?"

"एवढंच. पुन्ना म्हनली, न्हाई आले तर बी ऱ्हाऊ द्या."

१२ जाने., शनिवार

दिवसभर दोन्ही फोटो टेबलावर. सुमननं दोनदा चहा आणून ठेवला.

बादशाचा फोटो उचलला की लांडगीचा खाली ठेवावासा वाटतो. मामांना आधी मेंढीचं सांगितलं पाहिजे, की मांस माझ्या हट्टानं तिथं राहिलं, त्यानं खाल्लं ते त्याची चूक नव्हती. एवढ्यानं चिमी सुटेल का, माहीत नाही. ते म्हणतील, मंग मारलं कुनी? पुढचं वाक्य मला येत नाही. आज बोलून बघितलं, आरशासमोर नाही, न्हाणीघरात, पाणी सोडून.

फोटो बरोबर नेला म्हणजे दाखवलाच पाहिजे असं नाही, असं मन सांगतंय. या मनाचं ऐकून आजवर बरंच बिघडलंय.

उद्या: पहिल्या गाडीला लांडगीचा फोटो बरोबर घेणे.