पोटाखालून धुतलेली गाडी

बाबा, गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले तर पहिलं वाक्य हे. पण तुला दुसरं काय सांगू? घरात शिरल्यावर तू आमच्याआधी तिचीच विचारपूस करायचास. लिटरला तेरा-चौदा देणारी आपली पिकअप नऊवर आली आहे. बंदरावरून मासळीचे क्रेट भरून बोईसरला जायचं, रिकामं परत यायचं, आणि हातात येईल ते डिझेलच पिऊन टाकतं. गाडी बसली तर मला कंपनीत पॅकिंगला उभं राहावं लागेल, आणि मला ते नको आहे. कुणाच्या तरी भोंग्यावर जेवायला उठणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तूच बिघडवलंस मला, शाळा सुटल्यावर स्टिअरिंग हातात देऊन.

आधी मी तुझ्याच पद्धतीने गेले. एअर फिल्टर झटकला, मग नवाच घातला. टायरमध्ये हवा भरली. धूर काळा नाही, क्लच घसरत नाही. मग आठवलं, पाम गावाच्या पुढे रस्ता सपाट आहे. तिथे तू मला शेजारी बसवून गाडी न्यूट्रल करतोस आणि म्हणतोस, "आता गप बस, ती किती लांब जाते बग." ती जात राहते, जातच राहते, आणि तू स्वतःच ढकलल्यासारखा खूश होतोस. परवा मी तिथेच न्यूट्रल केली. कुणी मागून पदर धरावा तशी जागच्या जागी थांबली. उतरून मागच्या डाव्या चाकाला हात लावला तर चटका बसला. मला आनंदच झाला, खरं सांगते. ब्रेक जाम आहे, एवढंच. दुखणं सापडलं म्हणजे अर्धं बरं झालं, असं तूच म्हणायचास.

तुझा मेकॅनिक आता नाही. बोईसरला दुसरा आहे, हिंदीत बोलतो, हात चांगला आहे त्याचा. त्याने ड्रम उघडून ब्रेक साफ केले. थोडे दिवस गाडी सुधारली आणि पुन्हा खाली आली. परत नेली तेव्हा तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोपला आणि म्हणाला, "दीदी, इधर देखो." मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे खालच्या सांगाड्याला, चासीला धरतात तिथे त्याने टोक नुसतं टेकवलं आणि ते पापडात जावं तसं आत गेलं. त्या जागेला बळच उरलं नव्हतं, म्हणून मागचा अ‍ॅक्सल तिरका झाला होता आणि चाकं धावायच्या ऐवजी घासत होती. मी म्हटलं, वेल्डिंग कर. "वेल्डिंग पकडेगा किसको? लोहा बचा ही नहीं. अब माल मत डालना इसमें." मग लोखंडावरचा पांढरा थर नखाने खरवडून त्याने विचारलं, "धोती हो किस पानी से?"

विहिरीच्या, दुसऱ्या कुठल्या? मासळीचं पाणी लोखंड खातं, म्हणून फेरी झाली की गाडी धुवायची, हे तूच लावून दिलंस. एकदा मी बॉनेटवर दोन तांबे ओतून जेवायला बसले तर ताटावरून उठवलंस. "पोटाखालून धू. वरून काय, लोक बगतात म्हणून धुतात." त्यानंतर मी एक दिवस चुकवला नाही. आई बादल्या ओढते, मी खाली शिरते. आणि विहीर कधीचीच मचूळ झाली आहे, बाबा. "या पान्यात डाल शिजत नाय," असं आई किती दिवस म्हणते, म्हणून स्वयंपाकाला नळाचं पाणी आणि गाडीला विहिरीचं. गाडीला काय डाळ शिजवायची आहे, असं मीच हसून म्हणाले होते. खारं धुवायला आम्ही रोज खारंच ओतत होतो, तेही मनापासून, कानाकोपऱ्यात. धुतली नसती तर कदाचित आणखी चार वर्षं चालली असती. मला तुझा राग आला. धुवायला शिकवलंस, पाणी चाखायला का नाही शिकवलंस? मग रडायलाच आलं, आणि मेकॅनिक बिचारा पाना शोधतोय असं दाखवत आत गेला.

भंगारवाल्याशी बोलणं झालं आहे, उद्या तो गाडी नेईल. सोमवारपासून मी कंपनीत. आईला एवढंच सांगितलं की चासी म्हातारी झाली. ती म्हणाली, "आपुन काय कमी केला तिचा?" मी म्हटलं, काही नाही. दुसरं काय म्हणणार, तू गेल्यापासून तुझं एवढं एकच काम तिच्या हातात राहिलं होतं. हे पत्र घरात ठेवणार नाही, तिला वाचता येत नसलं तरी. आज गाडी कुठे गेली नव्हती, तरी संध्याकाळी तिने दोन बादल्या मागच्या चाकापाशी आणून ठेवल्या आणि मला हाक मारली. मी खाली शिरले आणि त्याच पाण्याने धुतली.